तारा आणि प्रश्नचिन्ह : एक प्रस्तावना

पेडणे तालुक्यातील पार्से या गावाचे नाव सरकारी रोमन लेखनात पी, ए, आर, सी, ई, एम असे लिहितात. या गावावरून पडलेले पार्सेकर हे आडनाव रोमनमध्ये लिहिताना मात्र सीच्या जागी एस येतो. २०१४ ते २०१७ या काळात गोव्याचे मुख्यमंत्री असलेल्या लक्ष्मीकांत पार्सेकर यांचे नाव तसेच छापले जाते. याच तालुक्यातील तोर्से आणि तांबोसे या गावांचा मराठी शेवट पार्सेसारखाच आहे, पण त्यांच्या रोमन लेखनात ना सी आहे ना एस. तेथे एक्स आहे. म्हणजे एका तालुक्यात 'से' या एका अक्षरासाठी तीन रोमन अक्षरे चालतात आणि तिन्ही अधिकृत आहेत. गावच्या माणसाला याची अडचण होत नाही, कारण तो नाव ऐकतो आणि गाव ओळखतो. संगणक मात्र फक्त स्ट्रिंग पाहतो, म्हणजे एकापुढे एक मांडलेली चिन्हे, आणि एक चिन्ह बदलले की त्याच्या लेखी नाव बदलते. जुनी यादी आणि नवी यादी जुळवायला बसलेल्या कोणालाही पहिल्या तासातच हा अनुभव येतो. नेमके नाव टाकून शोधले तर अर्ध्या नोंदी सुटतात, आणि त्या सुटल्या आहेत हे कळतही नाही.

या अडचणीवरचे सर्वांत जुने आणि सर्वांत साधे साधन म्हणजे वाइल्डकार्ड. नावाचा जो भाग नक्की आहे तो लिहायचा आणि जो नक्की नाही तेथे खूण ठेवायची. तारा (*) म्हणजे येथे काहीही असेल, काहीच नसेल तरी चालेल. प्रश्नचिन्ह (?) म्हणजे येथे नेमके एक चिन्ह आहे, कोणते ते ठाऊक नाही. चौकोनी कंस म्हणजे यांतले कोणतेही एक. एवढ्या तीन खुणांची ही भाषा आहे. पायथन या संगणकभाषेत ती एफएनमॅच आणि ग्लोब या दोन मॉड्यूलांत तयार मिळते. वेगळे काही बसवावे लागत नाही. या पुस्तकाचे म्हणणे असे, की ही भाषा तोकडी आहे आणि तोकडी आहे म्हणूनच नावांच्या कामात ती पहिली हाती घ्यावी. तिच्यात लिहिलेला नमुना तलाठी वाचू शकतो, पंचायतीचा सचिव वाचू शकतो, गावातला जाणता माणूस वाचू शकतो. ज्याला नावांचे ज्ञान आहे त्याला नमुना तपासता येणे हीच या कामातली खरी कसोटी आहे. पुढची सारी मांडणी या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी हा विषय कोठून आला ते पाहू, कारण आजची साधने ज्या गरजांतून घडली त्या गरजा त्यांच्या स्वभावात अजून दिसतात. अमेरिकन गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात चिन्हांच्या मालिकांचे वर्णन करण्याची एक बीजगणितासारखी पद्धत मांडली. त्यांच्या डोळ्यांपुढे मज्जापेशींच्या जाळ्याचे गणिती रूप होते. नावे शोधणे किंवा फायली शोधणे नव्हते. आज आपण जिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतो ती पद्धत तेथून निघाली. केन टॉम्पसन यांनी १९६८ साली ती मजकूर शोधण्यासाठी वापरून दाखवली. त्याआधीच, १९६० च्या दशकाच्या आरंभी, बेल प्रयोगशाळेत स्नोबोल ही भाषा तयार झाली होती आणि तिचा सारा भरच स्ट्रिंगमधले नमुने ओळखण्यावर होता. १९७१ साली त्याच प्रयोगशाळेत युनिक्सची पहिली आवृत्ती आली, तिच्यात ग्लोब नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. वापरणाऱ्याने तारा किंवा प्रश्नचिन्ह टाकले, की तो जुळणाऱ्या फायलींची यादी काढून देत असे. रेग्युलर एक्स्प्रेशनची ताकद हाताशी असताना त्याच प्रयोगशाळेतील माणसांनी फायलींसाठी मुद्दाम दुबळी भाषा निवडली, ही गोष्ट या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रोज शंभर वेळा बोटांनी टंकायची गोष्ट छोटी हवी, चटकन वाचता येणारी हवी, हे त्यांना कळले होते.

त्यानंतर या भाषेच्या बोली झाल्या. एमएस-डॉसमध्ये ताऱ्याची जुनी अंमलबजावणी अशी होती, की तारा आला की नावाचा उरलेला सारा भाग प्रश्नचिन्हांनी भरला जाई; त्यामुळे ताऱ्यानंतर लिहिलेल्या अक्षरांना अर्थच उरत नसे. डेटाबेसच्या जगात एसक्यूएलने लाइक या शब्दाबरोबर टक्क्याचे चिन्ह आणि अधोरेखा घेतली: टक्का म्हणजे तारा, अधोरेखा म्हणजे प्रश्नचिन्ह. १९८६ साली एसक्यूएलचे पहिले प्रमाणीकरण झाले आणि कचेऱ्यांतील नोंदी शोधण्याची ती रूढ रीत ठरली. पायथनबरोबर येणाऱ्या एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये दोन्ही बोली आहेत. लाइकही आहे आणि युनिक्सच्या वळणाचा ग्लोबही आहे. एक्सेलमध्ये शोधताना कारकून जो तारा टाकतो तोही याच घराण्यातला. म्हणजे या पुस्तकाचा विषय अनेक वाचकांना माहीत आहे. फक्त आपण एक भाषा वापरतो आहोत हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

हा झाला पहिला संप्रदाय, नमुन्यांचा. दुसरा संप्रदाय उच्चाराचा. रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली साउंडेक्स नावाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. नावातील व्यंजनांना आकडे द्यायचे, सारखी वाटणारी व्यंजने एका आकड्यात घालायची. सी, एस आणि एक्स हे तिच्यात एकाच गटात बसतात, त्यामुळे पार्सेच्या रोमन रूपांचा प्रश्न ती परस्पर सोडवते. पण त्याच गटात के आणि जी हेही आहेत, आणि कोकणातल्या नावांत ती सरमिसळ परवडत नाही. तिसरा संप्रदाय अंतराचा. रशियन गणिती लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ साली मांडलेल्या मापनात एका नावाचे दुसरे करायला किती चिन्हे घालावी, गाळावी वा बदलावी लागतात ते मोजतात. पायथनच्या डिफलिब मॉड्यूलमध्ये या विचाराच्या जवळचे एक फंक्शन आहे. चौथा संप्रदाय अलीकडचा, भाषिक मॉडेलांचा; त्यात नियम कोणी लिहीत नाही, यंत्र उदाहरणांवरून साम्य शिकते. या सर्वांचे स्थान पुस्तकात दाखवले आहे, पण पायाभरणी पहिल्या संप्रदायावर केली आहे.

पायथनमध्ये हे काम कसे होते ते थोडक्यात सांगायला हवे. एफएनमॅच स्वतः जुळवणी करत नाही. ते आपला साधा नमुना घेऊन त्याचे रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये रूपांतर करते आणि पुढचे काम 'री' या मॉड्यूलकडे सोपवते. ट्रान्सलेट हे फंक्शन वापरले तर ते रूपांतर डोळ्यांनी पाहता येते, आणि शिकणाऱ्याने ते एकदा तरी पाहावेच. ग्लोब हे मॉड्यूल हीच यंत्रणा फायलींच्या शोधासाठी वापरते. तेथे तिरकी रेघ फोल्डर वेगळे करते आणि तारा ती ओलांडत नाही. एफएनमॅचला मात्र तिरक्या रेघेचे विशेष काही वाटत नाही. हा फरक गोव्यात लगेच कामाला येतो, कारण जमिनीच्या सर्व्हे क्रमांकात तिरकी रेघ असते. '112/*' हा नमुना एफएनमॅचला दिला तर त्या क्रमांकाचे सारे पोटहिस्से येतात. रेघ वगळून '112*' लिहिले तर 1120 हा क्रमांकही आत शिरतो. आणखी एक बारीक गोष्ट: कागदावर आकडे कधी देवनागरी असतात, कधी इंग्रजी वळणाचे. पायथनला '११२' ही स्ट्रिंग संख्या करायला दिली तर तो ती एकशे बारा म्हणून बरोबर वाचतो, पण नमुना जुळवताना देवनागरी एक आणि इंग्रजी वळणाचा एक ही त्याला निरनिराळी चिन्हे आहेत. [0-9] हा कंस देवनागरी आकड्यांना ओळखत नाही. त्यासाठी [०-९] लिहावा लागतो. रोमन नावांत लहान-मोठ्या अक्षरांचाही घोळ आहे. एफएनमॅच विंडोजवर त्यांना सारखे मानते, लिनक्सवर वेगळे. दोन्हीकडे एकच उत्तर हवे असेल तर एफएनमॅचकेस वापरावे आणि अक्षरे आधीच एका रूपात आणावीत.

ताऱ्याची जुळवणी आतून कशी चालते हे समजले, की त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. समजा नमुना '*गा*व' असा आहे आणि नाव 'कोरगांव'. तारे बाजूला केले तर नमुन्याचे दोन तुकडे उरतात, 'गा' आणि 'व'. आधी नावात 'गा' जेथे प्रथम सापडेल तेथे धरायचा, मग नाव 'व' ने संपते का ते पाहायचे. पहिला 'गा' सोडून पुढचा शोधण्याची गरज कधीच पडत नाही, कारण जितके आधी धरावे तितकी पुढे जास्त जागा उरते. म्हणजे मागे वळून पुन्हा सुरुवात करण्याची वेळ आलीच तर ती फक्त शेवटच्या ताऱ्यापाशी येते. हे न ओळखता लिहिलेला प्रोग्राम प्रत्येक ताऱ्यापाशी प्रत्येक शक्यता तपासत बसतो, आणि तारे वाढले की वेळ भयंकर वेगाने वाढतो. पायथनचे एफएनमॅच स्वतः या दोषातून सुटलेले नव्हते. बरेच तारे असलेला नमुना त्याला अडकवू शकत असे. ३.९ या आवृत्तीत त्याचे रूपांतर नव्याने लिहून हा दोष काढला गेला. साध्या भाषेचा हा मोठा लाभ आहे: तिच्यात काय सांगता येते यावर मर्यादा असल्यामुळे ती किती वेळ घेईल यावरही मर्यादा घालता येते.

आता सर्वांत कठीण भाग. देवनागरीत 'एक चिन्ह' म्हणजे काय? वाचकाच्या डोळ्याला 'पार्से' यात दोन अक्षरे दिसतात, 'पा' आणि 'र्से'. पायथनला लांबी विचारली तर तो सहा सांगतो: प, आकाराचा काना, र, हलन्त, स आणि एकाराची मात्रा. युनिकोडमध्ये यांतल्या प्रत्येकाला वेगळा कोड पॉइंट, म्हणजे स्वतंत्र क्रमांक, आहे, आणि प्रश्नचिन्ह मोजते ते कोड पॉइंट. झिजलेल्या कागदावर मधला रफार वाचता आला नाही म्हणून 'पा?से' असा नमुना लिहिला तर पार्से सापडणार नाही, कारण र आणि हलन्त मिळून दोन जागा आहेत, 'पा??से' लिहिले तर सापडेल. युनिकोडच्या अक्षरसमूहांच्या नियमांत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याची तरतूद २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आली; त्याआधी त्या नियमांनुसारही 'र्से' चे दोन तुकडे पडत. म्हणून या पुस्तकात देवनागरी नावांसाठी नियम असा ठेवला आहे, की प्रश्नचिन्ह जपून वापरावे आणि शंका असेल तेथे तारा टाकावा. 'मा*द्रे*' हा नमुना मांद्रे, मान्द्रे आणि कोकणी वळणाचे मांद्रें या तिघांनाही धरतो. 'कोरगा*व' मध्ये कोरगाव आणि कोरगांव दोन्ही येतात.

डोळ्यांना न दिसणारे भेदही आहेत. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एका कोड पॉइंटने लिहिता येते किंवा र अधिक नुक्ता अशा दोघांनी; छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पोर्तुगीज कागदांतल्या शेपटीच्या सीचे आणि लाटेच्या एचेही तेच आहे. पायथनचे युनिकोडडेटा हे मॉड्यूल अशा दुहेरी रूपांना एक करते, आणि कोणतीही जुळवणी करण्याआधी ही पायरी घेतलीच पाहिजे. काही कळफलक जोडाक्षर घडवताना न दिसणारे जोडचिन्ह घालतात. ते मात्र या पायरीने जात नाही, वेगळे काढावे लागते. ज्यांनी इंग्रजी पुस्तकांतून हा विषय शिकला त्यांना या गोष्टींची चाहूलही लागत नाही, कारण इंग्रजीत त्या घडत नाहीत. मराठीत या विषयावर स्वतंत्र पुस्तक का हवे, याचे हे सर्वांत सबळ कारण आहे.

पण देवनागरी केवळ अडचणीच आणते असे नाही. गोव्याचे दोन मुख्यमंत्री एकामागून एक आले, पर्रीकर आणि पार्सेकर. पी, ए, आर यानंतर तारा आणि शेवटी के, ए, आर असा रोमन नमुना लिहिला तर दोघेही त्यात येतात, कारण रोमन लेखन 'प' आणि 'पा' यांत भेद करत नाही. देवनागरीत 'पार*कर' लिहिले की पार्सेकर येतात आणि 'पर*कर' लिहिले की पर्रीकर. बारदेशातील पर्रा आणि पेडण्यातील पार्से ही गावेही याच रीतीने वेगळी होतात. जी लिपी उच्चाराशी अधिक प्रामाणिक आहे तिच्यात नमुना अधिक नेमका होतो. तेव्हा दोन्ही लिप्यांतील नोंदी उपलब्ध असतील तर आधी देवनागरीत शोधावे आणि मग रोमनकडे वळावे, असा या पुस्तकाचा सल्ला आहे.

यावर पहिला आक्षेप अनुभवी प्रोग्रामर घेतील: रेग्युलर एक्स्प्रेशनने हे सर्व होते आणि शिवाय कितीतरी अधिक होते, मग दुबळी भाषा शिकवायची कशाला? तिची ताकद मान्यच आहे. 'गाव किंवा गांव, पण त्यापुढे कर नको' असे वाइल्डकार्डने एका नमुन्यात सांगता येत नाही. पण ताकदीची किंमत असते. २०१६ साली स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ एका साध्या दिसणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमुळे बंद पडले. २०१९ च्या जुलैत क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सेवेवर तशाच कारणाने आघात झाला आणि जगभरची असंख्य संकेतस्थळे काही काळ अडली. ते नमुने त्या कंपन्यांतल्या तज्ज्ञांनी लिहिलेले होते. तालुक्याच्या कचेरीत यादी जुळवणाऱ्या माणसाकडे तेवढे तज्ज्ञ नसतात. त्याहून मोठी गोष्ट वाचनाची आहे. दहा 'पार*से*' सारखे नमुने एका कागदावर छापून मामलेदार कचेरीतल्या कर्मचाऱ्यापुढे ठेवले तर तो बोट ठेवून सांगेल, याने अमुक गाव सुटेल. तोच मजकूर रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये लिहिला तर तो मान डोलावेल आणि चूक तशीच पुढे जाईल. एका अवघड नमुन्याऐवजी पाच साधे नमुने आणि त्यांच्यामध्ये पायथनचे 'किंवा', 'आणि', 'नाही', हा मार्ग लांबचा आहे, पण त्यावरची प्रत्येक पायरी दिसते.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: नमुना लिहायचाच कशाला, अंतर मोजणारे फंक्शन किंवा भाषिक मॉडेल जवळची नावे आपोआप काढून देईल. याची परीक्षा पेडण्यातल्याच नावांवर घेऊ. 'पार्से' आणि 'पारसें' ही एकाच गावाची दोन लेखने मानली, तर लेव्हेन्श्टाइनच्या मापाने त्यांच्यात अंतर दोन आहे: हलन्त गाळायचा आणि अनुस्वार घालायचा. 'पार्से' आणि 'तोर्से' ही दोन निराळी गावे. त्यांच्यातही अंतर दोनच आहे: प चा त आणि काना जाऊन ओकार. हे माप एकच गाव आणि दोन गावे यांत भेद करू शकत नाही. डिफलिबचे मोजमाप थोडे शहाणे आहे, ते पारसेंला वरचे स्थान देते. पण त्याची मुळातली मर्यादारेषा ०.६ आहे आणि तोर्सेही ती ओलांडून आत येते. 'पार*से*' हा नमुना मात्र पहिल्याला घेतो आणि दुसऱ्याला सोडतो, कारण नावाची सुरुवात बदलत नाही आणि मधला जोड व शेवटचा अनुस्वारच डळमळतो, हे ज्ञान माणसाने त्यात घातले आहे. भाषिक मॉडेलांकडे असे ज्ञान येऊ शकते, पण पेडणे-डिचोलीच्या वाड्यांची नावे जालावर फार थोडी आहेत. आणि मॉडेलने दोन नोंदी एक ठरवल्या तर त्याचे कारण तपासायला हातात काही राहत नाही. जमिनीच्या प्रश्नात 'यंत्राला तसे वाटले' हे उत्तर चालणार नाही. अंतराची मापे व्यर्थ आहेत असे येथे म्हटलेले नाही. वाइल्डकार्डने काय सुटले ते शोधण्यासाठी ती उत्तम आहेत; निर्णय त्यांच्यावर सोपवू नये, एवढेच.

तिसरा आक्षेप अधिक मुळाशी जातो. नावांचे लेखनच एकदा प्रमाण करावे, मग जुळवणीचा प्रश्न उरणार नाही, असे अनेकांना वाटते. पुढच्या पाट्यांसाठी आणि अर्जांसाठी हे योग्य आहे. मागच्या कागदांसाठी ते शक्य नाही. पेडणे १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीज सत्तेखाली गेले; डिचोली त्याआधी काही वर्षे गेली होती. तेव्हापासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंतची सरकारी नोंद पोर्तुगीज वळणाच्या रोमनमध्ये झाली, तर घरांतले आणि देवस्थानांचे कागद मोडीत व देवनागरीत राहिले. मुक्तीनंतर इंग्रजी आली, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली व मराठीच्या शासकीय वापराची तरतूद झाली. एका गावाचे नाव अशा चार थरांतून आपल्यापर्यंत आले आहे. हळर्णाच्या रोमन लेखनात सुरुवातीचा ह नाही, केरीच्या रोमन लेखनात क साठी क्यू आहे. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज ग्रंथांवर आपले आडनाव ज्या रूपात लिहिले आणि मराठीत आपण ते जसे लिहितो, ती दोन्ही रूपे त्यांचीच आहेत. 'पिसुर्ले*क*र' या नमुन्यात त्यांची देवनागरी मराठी आणि कोकणी रूपे एकत्र येतात. गोव्याच्या पुराभिलेखाची परंपरा १५९५ साली दियोगु दु कोउतु यांच्या नेमणुकीपासून मोजतात. एवढ्या दीर्घ दफ्तरातली नावे आज दुरुस्त करत बसणे म्हणजे पुरावा बदलणे. नोंद आहे तशी ठेवावी आणि प्रश्न लवचीक करावा, हे या पुस्तकाचे दुसरे मुख्य सूत्र आहे.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण उत्साहात ती विसरली जाते. नमुना लेखन ओळखतो, जागा ओळखत नाही. केरी नावाची गावे गोव्यात पेडण्यात, सत्तरीत आणि फोंड्यात आहेत. नावेली सासष्टीत आहे आणि डिचोलीतही आहे. नमुना कितीही चोख लिहिला तरी त्यांच्यात निवड करणार नाही. त्यासाठी तालुका, सर्व्हे क्रमांक, शेजारच्या जमिनींची नावे असे दुसरे पुरावे जोडावे लागतात. म्हणून पुस्तकातील प्रत्येक नमुन्यासोबत दोन प्रश्न विचारले आहेत: याने काय सुटले, आणि काय नको ते आले. उत्तरे देण्यासाठी वाचकाने यादी हाताने वाचावी अशी अपेक्षा आहे.

हे आजच का, याची कारणे गोव्यात उघड आहेत. मोपा येथील विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि पेडण्यातील जमिनीकडे साऱ्यांचे लक्ष वळले. जमिनी बळकावण्याच्या प्रकरणांसाठी राज्य सरकारला २०२२ साली विशेष तपास पथक नेमावे लागले. अशा तपासात जुन्या दस्तऐवजातील नाव आणि जमिनीच्या आजच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरील नाव एकच आहे की नाही, हा प्रश्न वारंवार उभा राहतो. एखाद्या कुटुंबाला आपली नोंद सापडली नाही, तर ती नसल्यामुळे सापडली नाही की शोधणाऱ्याने एकच लेखन टाकून पाहिल्यामुळे, हे कळण्याचा मार्ग त्या कुटुंबाकडे असला पाहिजे. दुसरीकडे शाळांत कोडिंग आले आहे. राज्याची कोडिंग व रोबोटिक्स शिक्षणाची योजना सुरू आहे, आणि पायथन हे आता महाविद्यालयाच्या दारापलीकडचे ज्ञान राहिलेले नाही. मुले ते शिकतात, पण सरावाच्या याद्या बहुधा परक्या फळांच्या आणि परक्या शहरांच्या असतात. पार्से, तुये, विर्नोडा, धारगळ, कोरगाव, हरमल, मये, पिळगाव, कुडणे, लाटंबार्से ही यादी त्यांच्यापुढे ठेवली तर तंत्रही कळते आणि ते कशासाठी आहे तेही कळते.

पुस्तकाची आखणी या विचारातून झाली आहे. हे पायथनचे संपूर्ण पाठ्यपुस्तक नाही. स्ट्रिंग, यादी आणि फंक्शन यांची तोंडओळख असलेला वाचक गृहीत धरला आहे. वाइल्डकार्डचा जुळवणी-प्रोग्राम येथे वाचकाने स्वतः लिहावा, मग तो एफएनमॅचशी ताडून पाहावा, असा आग्रह आहे. युनिकोडचा भाग मुद्दाम विस्ताराने घेतला आहे, कारण मराठी वाचकाला तो दुसरीकडे मिळत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशन शेवटी येते, आणि जेथे तिच्यावाचून चालत नाही तेवढ्यापुरतीच येते. रोमी कोकणीच्या लेखनाला जितकी जागा द्यायला हवी तितकी येथे देता आलेली नाही. तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे आणि तो त्या लिपीत वाढलेल्या माणसानेच लिहावा.

पुस्तक उघडण्यापूर्वी वाचकाने एक काम करावे ही विनंती. आपल्या गावाचे व वाड्याचे नाव आणि आपले आडनाव घरातील कागदांवर जितक्या रूपांत सापडेल तितक्या रूपांत लिहून काढावे: शाळेचा दाखला, विक्रीखत, देवस्थानची पावती, मतदार यादी, मिळाला तर पोर्तुगीज काळातला दस्त. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यात भर घालावी. ती यादी हाताशी घेऊनच पहिला नमुना लिहावा.